पालकाची सही

६ नोव्हेंबर
स्टाफरूम, शाळा सुटल्यावर

प्रिय आत्या,

माझी आधीची सहा पत्रं तू उघडली असशील असं मी धरून चालत नाही. पण हे ख्यालीखुशालीचं पत्र नाही. वीस तारखेपर्यंत मला एक निवेदन लिहून द्यायचं आहे आणि ते कसं लिहावं हे विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही. पहिलं अक्षर तू गिरवून घेतलंस. चौदा वर्षांची होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. जे शिकले ते तुझ्या मागच्या खोलीत, त्या डुगडुगणाऱ्या टेबलावर. तेव्हा माझ्यावरचा राग राहू दे, पण वाचताना शिक्षिका म्हणून वाच.

मी अकरावीला भाषा विषय शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा उजवा हात भाजला आहे, बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत. वर्ग तिला पुटपुटी म्हणतो, कारण लिहिताना ती प्रत्येक वाक्य आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघते. सोळा वर्षांची आहे. तिच्या वडिलांची शाळेसमोरच्या रस्त्यावर लाँड्री आहे. ते सांगतात की दुकानात मदत करताना गरम इस्त्री तिच्या हातावर पडली. असेलही. पण त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या विषयाची वही सहीसाठी घरी घेऊन गेली होती. त्या वहीत तिने लिहिलेली एक आठवण होती. वडील तिच्या आईचा हात इस्त्रीखाली धरतात, अशी.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी बालसंरक्षण कार्यालयाला कळवलं. तिथून शाळेला पत्र आलं. आता गोष्ट दोन कागदांवर आली आहे. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, माझ्याकडून असं लिहून हवंय की ती आठवण नव्हतीच, कल्पनेने लिहायला दिलेला उतारा होता. कार्यालयाला हवंय, जे मला माहीत आहे ते. पहिला कागद दिला तर पुटपुटी त्याच घरात राहील आणि मी याच शाळेत राहीन. दुसऱ्या कागदावर काय लिहायचं तेच मला सुचत नाही, कारण त्या घरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते ठामपणे लिहायचं नाही, हे तूच शिकवलंस ना?

वही घरी का गेली असं तू विचारशील. तपासलेल्या वहीवर पालकांची सही लागते, तसा नियम आहे. मी नियमाप्रमाणे केलं. माझ्याकडून चूक झालेली नाही.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं, तू मला खोडरबर म्हणायचीस तशी. बरोबर वाटतंय.

तुझी
खोडरबर

९ नोव्हेंबर
खोलीवर, दुपारी

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी फार घाईने लिहिलं. निवेदनाआधी सगळं नीट लावून बघावं म्हणून हे लिहिते आहे.

या सत्रात अकरावीला तीन गोष्टी होत्या: आठवणलेखन, व्याकरण आणि एक जुनं ग्रीक नाटक. पुस्तकात त्या वेगवेगळ्या आहेत, पण मी एकत्र शिकवते. मुलं आठवण लिहितात, त्यातल्या चुकांवरून व्याकरण घेते आणि नाटकातले संवाद वाचायला लागलो की आपल्या आठवणीतली माणसं कशी बोलतात तेही बघतो. गणिताचे सर म्हणतात, "तुमच्या तासाला काय चाललंय ते बाहेरून कळत नाही बुवा. कधी रडारड, कधी काळ-वेळ, कधी राजा मेला." माणूस चांगला आहे, जिभेला हाड नाही एवढंच.

आठवण लिहिताना मी तुझीच पद्धत वापरते. पहिला मसुदा, समासात प्रश्न. दुसरा मसुदा, पुन्हा प्रश्न. मग पक्की प्रत.

पुटपुटीचा पहिला मसुदा अर्ध्या पानाचा होता. आमच्या घरात दुपारी वाफेचा आवाज येतो आणि तो आला की मी मोठ्याने पाठांतर करते, एवढंच होतं त्यात. मी समासात लिहिलं, "सुरुवात फार चांगली, पण धूसर. कुणाविषयी? कुठे? तू कुठे उभी होतीस?" दुसऱ्या मसुद्यात आई आली. आईच्या हातावर इस्त्री ठेवली गेली, असं वाक्य होतं. मी लिहिलं, "कुणी ठेवली?"

तिसऱ्या मसुद्यात सगळं होतं, आत्या. मी वर्षभर मुलांना सांगत होते ना, मोठे शब्द नकोत, बारीक गोष्टी द्या. तिने दिल्या. आईने दातांत बटण धरलं होतं. वडिलांनी आधी रेडिओचा आवाज वाढवला, मग आईचं मनगट धरलं. त्याच वेळी दुकानात गिऱ्हाईक आलं आणि त्याने विचारलं, "झाले का कपडे?" वडील म्हणाले, "दोन मिनिटं." मग आई बाही खाली ओढून बाहेर आली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "सदऱ्याचं बटण गेलं होतं, लावलंय."

मी वीसपैकी एकोणीस दिले. एक कापला, कारण दोन ठिकाणी काळ चुकला होता.

तू आता पत्र खाली ठेवलं असशील. मी का कुणाला सांगितलं नाही? मी विचार केला होता. मला वाटलं, तिने विश्वासाने लिहिलंय, मी बोभाटा केला तर ती पुन्हा लिहिणार नाही. वाटलं, सहामाही होऊ दे, मग तिला बाजूला घेऊन विचारू. वाटलं, लिहिल्याने तिला हलकं वाटलं असेल. यातलं प्रत्येक वाटणं खरं आहे. आणि तिचे वडील तर सगळ्या शाळेच्या ओळखीचे. नाटकातला एक प्रवेश आम्ही वर्गात बसवत होतो, त्यासाठी मुलांनी आणलेल्या पांढऱ्या चादरी त्यांनीच इस्त्री करून दिल्या होत्या, घड्या अशा की उलगडायचं जिवावर यावं. "पोरांचं काम आहे मॅडम, पैसे कसले घ्यायचे," म्हणाले होते.

त्या नाटकात पुटपुटीला दूताचं काम होतं. तुला माहीत आहे, त्या नाटकांत मारामारी, मरण वगैरे रंगमंचावर दाखवत नाहीत. आतल्या खोलीत सगळं घडतं आणि दूत येऊन सांगतो. मी हे समजावून सांगत असताना तिने हात वर केला.

"मॅडम, सांगून झाल्यावर दूताचं काय होतं?"

"काही नाही, तो निघून जातो."

"कुठे?"

मुलं हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कँटीनमध्ये." मीही हसले. म्हटलं, नाटककाराला त्याचं काही पडलेलं नसतं, त्याचं काम तेवढंच. तिने ते वहीत उतरवून घेतलं. ती सगळंच उतरवून घेते. घ्यायची.

खोडरबर

१३ नोव्हेंबर
स्टाफरूम, मधल्या सुट्टीत सुरू केलं, शाळा सुटल्यावर पुरं केलं

प्रिय आत्या,

वही मला कशी परत मिळाली ते सांगायचं राहिलं. हात भाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील स्वतः घेऊन आले. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले.

"मॅडम, सही हवी होती ना? ही घ्या. उशीर झाला, माफ करा. पोरीचा हात भाजलाय, थोडे दिवस लिहिणार नाही ती."

मी वही उघडली. पानाच्या खाली, जिथे मी पेन्सिलीने रेघ मारून दिली होती, बरोबर त्या रेघेवर सही होती. सुंदर अक्षर आहे त्यांचं. मी म्हटलं, "धन्यवाद." आत्या, मी त्यांना धन्यवाद म्हटलं.

आज मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं निवेदन तयार होतं. बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग वही माझ्यासमोर उघडून पेनाच्या टोकाने समास दाखवत गेल्या.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"'कुणाविषयी?' तुम्ही विचारलंत. 'कुणी ठेवली?' तुम्ही विचारलंत. पोरीने उत्तरं दिली, परीक्षेत देतात तशी. पहिल्या मसुद्यात बापाचं नावसुद्धा नाही. अहो, उद्या कुणीही म्हणेल, बाईंनीच वदवून घेतलं."

"मी फक्त तपशील मागितला."

"मग तेच लिहायचं. तपशील मागितला, मुलीने कल्पनेने भरला. यात खोटं काय आहे? तुम्ही होतात का तिथे बघायला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही हुशार आहात. एक वर्षाच्या करारावर आहात. मला तुम्हाला ठेवायचंय. मला कात्रीत पकडू नका."

त्या वाईट नाहीत. त्यांना आठशे मुलांची शाळा चालवायची असते आणि चार वर्षांत निवृत्त व्हायचं आहे. मी कागद वाचला. वाक्यरचनेत एक चूक होती, ती मी सवयीने दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला.

स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, "आमचा विषय बरा. आमच्या क्षला बाप नसतो." कुणी हसलं नाही, मग तेही वरमले आणि डबा घेऊन खिडकीत जाऊन बसले.

दुपारी बालसंरक्षण कार्यालयातून अधिकारी बाई आल्या. ठेंगण्या, चष्म्याला दोरी, हातात जाड फाइल. ग्रंथालयात बसवलं त्यांना. पुटपुटीला बोलावून घेतलं होतं. डाव्या हाताने उजवा हात धरून बसली होती, जसं कुणाचं तरी बाळ सांभाळायला दिलंय. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "बाळा, हे तू लिहिलंयस ते घडलं होतं?"

"नाही. मी बनवून लिहिलं. मॅडमना तपशील हवा होता."

माझ्याकडे न बघता म्हणाली. पाठ केल्यासारखं नाही, अगदी सहज.

ती गेल्यावर बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मुलगी नाही म्हणते. आई नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, इस्त्री पडूनही असं भाजू शकतं, फक्त एवढा वेळ ती हातावर राहत नाही. एवढ्यावर मी तिला घरातून हलवू शकत नाही. वीस तारखेला सगळ्यांना एकत्र बसवून मला अहवाल संपवायचाय. वहीवरून मला काही करता येणार नाही, तिचं म्हणणं ते बनवलेलं आहे. तुमच्याकडे वहीबाहेरचं काही आहे का? तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलं, तुमच्या कानांनी ऐकलेलं?"

मी म्हटलं, "नाही."

खोडरबर

१६ नोव्हेंबर
खोलीवर, सकाळी. आज रजा टाकली.

आत्या,

मी खोटं बोलले. अधिकारी बाईंशी, आणि पहिल्या पत्रापासून तुझ्याशीही. एकेक दुरुस्त करते.

पालकांच्या सहीचा नियम शाळेचा नाही. शाळेला फक्त गुणपत्रिकेवर सही लागते. प्रत्येक लिखाणावर सही हा नियम माझा. घरातल्या माणसाने पाहिलं पाहिजे, नाहीतर शिकणं चोरून केल्यासारखं होतं, असं तू म्हणायचीस. मी ते उचललं आणि पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं.

पुटपुटी वही एकदाच घरी घेऊन गेली नाही. मी तिला तीनदा परत पाठवलं.

पहिल्यांदा सही न घेता आली. म्हणाली, "बाबा गावाला गेलेत." मी सकाळीच येताना त्यांना दुकानात पाहिलं होतं. मी म्हटलं, "आल्यावर घे."

दुसऱ्यांदा तास संपल्यावर सगळ्यांना जाऊ दिलं आणि मग टेबलापाशी आली. "मॅडम, आईची सही चालेल का? आई नीट करते सही." मी म्हटलं, प्रवेशअर्जावर पालक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांचीच लागेल, एकाला सूट दिली की सगळे मागतात.

तिसऱ्यांदा म्हणाली, "ही पानं फाडून टाकली तर चालेल? मला शून्य द्या."

आणि मी हसून म्हटलं, "वेडी आहेस का? एकोणीस मिळालेत. त्यांना अभिमान वाटेल."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. माझ्या तोंडचं आहे. गेले दहा दिवस मी ते प्रत्येक पत्रात लिहायला घेते आणि त्याच्या अलीकडेच थांबते. आणि अधिकारी बाईंना नेमकं हेच हवं आहे. बनवून लिहिणारी मुलगी एकोणीस गुण सोडून शून्य मागत नाही. तिला ती वही त्या माणसाच्या हातात जाऊ द्यायची नव्हती, याला एकच साक्षीदार आहे आणि तो साक्षीदारच तिला परत पाठवत होता.

काल मी लाँड्रीत गेले. दोन सदरे घेऊन, बहाणा म्हणून. वडील हसून म्हणाले, "या मॅडम. संध्याकाळी देतो." आतल्या बाजूला आई बसली होती, उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. माझ्याकडे पाहिलं नाही. सदरा उलटसुलट करून म्हणाली, "याचं बटण सैल झालंय. लावून ठेवते." मी तिथे उभी राहून काय पाहणार होते कुणास ठाऊक. मी रस्त्यावर आले तेव्हा आतून रेडिओचा आवाज वाढला. मी शपथेवर सांगू शकत नाही की तो कशासाठी वाढला. मी तिथून पळाले, आत्या. सदरे अजून तिथेच आहेत.

आता तुझं-माझं. ते मी आधीच्या सहा पत्रांतही लिहिलं नाही.

बाबा रोज संध्याकाळी माझी वही मागायचे. शिकवायचीस तू, सही त्यांची. चूक सापडली की पान फाटायचं, आणि कधी कधी पानावर थांबायचं नाही. ज्या दिवशी त्यांचा आवाज जिन्यापासूनच चढलेला असायचा, त्या दिवशी तू माझ्या हातातून वही घ्यायचीस आणि त्यांची सही ठोकून द्यायचीस, शेवटची शेपटीसुद्धा अगदी त्यांच्यासारखी ओढून. "झाली सही. जा, हातपाय धू."

मग तुझ्या वर्गाची तपासणी करायला शिक्षण खात्याचे ते साहेब आले. गल्लीतली पाच मुलं आणि मी. त्यांनी माझी वही चाळून सहज विचारलं, "सगळ्या सह्या वडिलांच्याच ना?" मी चौदा वर्षांची. मी म्हटलं, नाही, अकरा आत्याच्या आहेत. तारखा त्यांनी विचारल्याही नव्हत्या, त्याही मी सांगितल्या.

वर्ग बंद झाला. मला शाळेत घातलं. तू दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, "बरोबर बोललीस. खरं काय ते तुला कुणी विचारलंच नव्हतं." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी नोकरीसाठी निघाले तेव्हाही तू खोलीतून बाहेर आली नाहीस. आणि मी इतकी वर्षं मनात म्हणत आले, मी खरं बोलले म्हणून मला शिक्षा झाली.

पुटपुटीने आईची सही चालेल का विचारलं, तेव्हा मला तू आठवली होतीस. त्या क्षणी, टेबलापाशी. म्हणूनच मी नाही म्हटलं. एकदा त्या वाटेने गेलं की काय होतं ते मला माहीत होतं, मला पुन्हा कुणाचं काही झाकायचं नव्हतं. मला स्वच्छ राहायचं होतं.

निवेदन मी आज लिहिलं. दीड पान. फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, तारखांसकट. तारखा मला अजून पाठ राहतात.

खोडरबर

२१ नोव्हेंबर
खोलीवर, दुपारी. सामान बांधून झालं आहे.

आत्या,

आधी निकाल सांगते, कारण रेंगाळणारी पत्रं तुला आवडत नाहीत. पुटपुटी तिच्या मावशीकडे गेली. आईही कालची संध्याकाळ दवाखान्यात होती. डॉक्टरांनी तिच्या दोन्ही हातांवर मिळून सात जुने डाग मोजले. आज सकाळी अधिकारी बाईंनी फोनवर सांगितलं की ती घरी परत जायचं म्हणते आहे, दुकान उघडं राहिलंय म्हणून. त्या तिला अजून समजावत आहेत. वडिलांना चौकशीला नेलं होतं, सोडलं. पुटपुटीची दोन बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते डॉक्टरांना आताच सांगता येत नाही. माझा करार महिनाअखेरीस संपतो आणि तो पुढे वाढवणार नाहीत. मोठ्या बाईंनी ते स्वतः सांगितलं, पत्राने नाही, म्हणून मला त्यांचा राग नाही. गणिताचे सर माझ्या पेटीला दोरी बांधायला आले होते. एकही विनोद केला नाही.

तुझी क्षमा मी मागत नाही. तू त्या अकरा सह्या केल्यास तेव्हा काय करत होतीस, ते मला समजायला एका मुलीचा हात जावा लागला. असल्या समजण्याचं तू काय करणार? तुला फक्त कालचं सांगायचं आहे, जसं घडलं तसं, आणि मग मी थांबते.

मोठ्या बाईंच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. टेबलापलीकडे मोठ्या बाई, बाजूला अधिकारी बाई फाइल घेऊन. भिंतीकडे वडील, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, त्यांच्या शेजारी आई, मग पुटपुटी. मी दाराजवळ. अधिकारी बाईंनी माझं निवेदन मोठ्याने वाचलं. स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या आवाजात ऐकायची मला तुझ्या टेबलापासून सवय आहे, पण "त्यांना अभिमान वाटेल" हे वाक्य त्यांनी वाचलं तेव्हा माझे कान बंद झाल्यासारखे झाले.

वाचून झालं. वडिलांनी घसा साफ केला. रागावले नव्हते.

"एक विचारू का? मॅडम एवढ्या शिकलेल्या. पोरगी तीनदा टाळाटाळ करते, शून्य द्या म्हणते. एवढं सगळं होतं, तर मॅडमना तेव्हाच कसं काही कळलं नाही? आणि तेव्हा कळलं नाही, तर आज कसं कळतंय? पोरीने दोन काळ चुकवले होते म्हणून शून्य मागितलं असेल. घाबरट आहे ती."

प्रश्न नेमका होता. अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाई लगेच मध्ये पडल्या, "नाहीच कळलं त्यांना. नवीन आहेत. आता मागे वळून बघताना माणसाला काहीही वाटतं." त्या माझ्यासाठी दार उघडून धरत होत्या. मी फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर ते दीड पान तिथेच संपलं असतं, हेही मला दिसत होतं.

"कळलं होतं," मी म्हटलं.

"काय?" अधिकारी बाई.

"आईची सही चालेल का, असं तिने विचारलं तेव्हाच कळलं होतं. वहीत लिहिलंय ते घरात खरोखर घडतं आणि ती त्यांना घाबरते आहे, हे मला तेव्हा कळलं होतं."

बाई लिहायला लागल्या. पुटपुटी पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काही मऊ नव्हतं.

मग आई उभी राहिली. इतका वेळ ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. पिशवी खाली पडली.

"कळलं होतं?" ती म्हणाली. दुकानातला तो हळू आवाज नव्हता हा. "तुम्हाला कळलं होतं, तर वही ह्यांच्या हातात द्यायला लावलीत कशाला? मी म्हटलं होतं तिला, मी करते सही. मी करते म्हटलं होतं! तुम्हाला कळलं होतं तर कशाला पाठवलीत तिला?"

"खाली बस," वडील म्हणाले.

ती बसली नाही. अधिकारी बाईंचं पेन थांबलं होतं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. ती काय बोलून बसली आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि सगळ्यात शेवटी तिला. तिचा हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. बाही मागे सरकली होती, ती तिने ओढली नाही.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," अधिकारी बाई वडिलांना म्हणाल्या.

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच. बाहेर थांबा."

ते गेले. जाताना त्यांनी खुर्ची नीट सरकवून ठेवली. दार लागल्यावर अधिकारी बाई आईकडे वळून काही विचारणार होत्या, पण आईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. इतकी जवळ की तिच्या बाहीला येणारा गरम कापडाचा वास मला आला.

"मी तुम्हाला विचारलंय," ती म्हणाली. "कशाला पाठवलीत?"

मी उत्तर शोधलं. माझ्याकडे कितीतरी होती, तुला लिहिलेली, खोडलेली. पण तिने विचारलं होतं आणि पुटपुटी ऐकत होती.

"सही राहिली होती म्हणून," मी म्हटलं.